बाबा शिळं खाऊ लागले तेव्हा

आमच्या घरी बाबांच्या पानात शिळं कधी पडत नसे. सकाळचं वरण संध्याकाळी नाही, संध्याकाळची भाजी दुसऱ्या दिवशी नाही, आणि पोळी तर तव्यावरून थेट ताटात. हा नियम बाबांनी केलेला नव्हता. तो त्यांच्या वडिलांच्या घरात होता, त्यांच्याही वडिलांच्या घरात होता. काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीतली आमच्याकडची माणसं जशी अंघोळीआधी चहाला शिवत नसत, तसंच हे. बाबा संस्कृत शिकवायचे, आधी कॉलेजात आणि निवृत्तीनंतर घरी. स्वभावाने मऊ. त्यांचा आवाज चढलेला मला आठवत नाही. पान समोर आलं की ते एवढंच विचारायचे, "आत्ताचं ना?" आणि आई म्हणायची, "आत्ताचंच."

आई सोलापूरकडची. तिच्या माहेरी ज्वारीच्या भाकरी दोन वेळच्या एकदम भाजून टोपलीत फडक्याखाली ठेवायचे, आणि सकाळच्या न्याहारीला शिळी भाकरी, दही आणि चटणी हेच खाणं. लग्न होऊन ती काशीत आली आणि अशा घरात पडली, जिथे उरलेलं सगळं गायीला जायचं. आमच्या गल्लीत गायींना तोटा नाही, जेवणवेळेला त्या दारात येऊन उभ्याच राहतात. पण आईला ते पटायचं नाही. ती म्हणायची, "गायीला घास द्यावा. अख्खं जेवण कशाला? ती काय उपाशी आहे? सगळी गल्ली घालते तिला."

म्हणून तिने आपली वाट काढली. रात्रीच्या पोळ्या ती सकाळी हातानेच कुस्करायची. मिक्सर लावला की त्यांचा भुगा होतो, असं तिचं म्हणणं. मोहरी तडतडली की कांदा, मिरची, हळद, मग पोळीचा कुस्करा, वर पाण्याचा हबका आणि झाकण. उतरवताना दाण्याचं कूट, साखरेची चिमूट आणि लिंबू. मी शाळेत जायला निघायचे तेव्हा त्या वाफेचा वास जिन्यापर्यंत यायचा. मी तेव्हाही शाळेतच जायचे आणि आजही शाळेतच जाते. आधी शिकायला, आता शिकवायला. माझं लग्न झालं नाही, पण ती गोष्ट वेगळी.

वरण उरलं की त्यात कणकेच्या चकोल्या पडायच्या. भात उरला तर फोडणीचा भात हे कोणीही करतं, आई त्याची ताकात भिजवून धिरडी घालायची. रविवारी सकाळी नुक्कडवरून आणलेली कचौडी राहिली तर ती दुपारी दह्यात चुरून, वरून जिरं-मिरपूड. आणि उरलेली आमटी थालिपिठात. या थालिपिठाची गंमत अशी, की बाबांना ते फार आवडायचं.

"आज थालिपीठ काय खमंग झालंय! आमटीसारखा वास येतोय," बाबा म्हणायचे.

"गोडा मसाला घातलाय," आई म्हणायची.

"आत्ताचं ना?"

"तुमच्यासमोर तर थापलं."

ते खरंच होतं. माझ्याकडे न बघता ती तवा पुसायला लागायची आणि मी ताटात मान घालून हसू दाबायचे.

आईचा सगळ्यात लाडका सण म्हणजे इथला बसियौरा. होळीनंतरच्या अष्टमीला शीतलामातेला शिळ्याचा नैवेद्य दाखवतात. आपल्या पंचांगात तो फाल्गुनच असतो, इथल्या लोकांचा चैत्र लागलेला असतो. आदल्या दिवशी पुऱ्या, गुळाचे गुलगुले, हरभऱ्याची डाळ, दहीभात असं सगळं करून ठेवायचं आणि अष्टमीला चूल पेटवायची नाही. सगळी गल्ली त्या दिवशी गार जेवते. आईने हा सण लग्नानंतर पहिल्याच वर्षी समोरच्या चाचीकडे पाहिला आणि उचलला. म्हणायची, "बघ, शिळं खाणाऱ्यांनासुद्धा एक देवी आहे." बाबा त्या दिवशी फळं आणि दूध घ्यायचे, म्हणायचे, "मला उपास बरा." आई आणि मी मात्र गच्चीत माकडांसाठी लावलेल्या जाळीखाली बसून गार पुऱ्या आणि गुलगुले खायचो. ती त्या दिवशी चार घास जास्तच खायची.

काही वर्षांमागे याच सणाच्या आदल्या दिवशी ती गेली.

दुपारभर ती स्वयंपाकघरात होती. मी शाळेतून आले तेव्हा पुऱ्या तळून झाल्या होत्या आणि गुलगुल्यांचा शेवटचा घाणा कढईत होता. मला म्हणाली, "हात धू आणि डाळीतलं मीठ बघ, मला आज चव कळत नाहीये." मी बघितलं, ठीक होतं. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, सगळ्या भांड्यांवर झाकणं घातली. मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पाठीत भरल्यासारखं झालंय, जरा चोळ गं." मी पाठीवर हात ठेवला तर ब्लाउज घामाने भिजलेला, आणि अंग गार. मी बाबांना हाक मारली.

आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा शिरत नाही. शेजारच्या मुलांनी तिला खुर्चीवर बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. बाबा खुर्चीला हात लावून शेजारून चालत होते आणि पुढच्या माणसांना "जरा रस्ता, जरा रस्ता" म्हणत होते. त्यांच्या पायांत चपला नव्हत्या, ते मला दवाखान्यात पोचल्यावर दिसलं. डॉक्टरांनी तपासलं आणि बाबांना बाजूला नेलं. मी लांबूनच बघितलं, बाबांनी त्यांना हात जोडले. त्यावरून मला कळलं.

माझा भाऊ बंगळुरूला असतो. तो पहाटेच्या विमानाने आला आणि सकाळी तिला नेलं. मणिकर्णिकेचं स्मशान आमच्या घरापासून इतकं जवळ आहे की लहानपणापासून 'राम नाम सत्य है' ऐकत आम्ही अभ्यास केला, जेवलो, झोपलो. त्या सकाळी तो आवाज आमच्या दारातून सुरू झाला आणि शिंदे घाटाच्या बाजूला वळून नाहीसा झाला. मी जिन्यात उभी राहिले. बायका घाटावर जात नाहीत. आत्या माझ्याजवळ होती. ती बाबांची थोरली बहीण. भोसले घाटाकडे राहते, तिचं सासर आणि माहेर दोन्ही काशीतच. सोवळं-ओवळं, सुतक, श्राद्ध यांत तिचा शब्द शेवटचा.

पुरुष परत येईपर्यंत आत्याने घर धुवायला काढलं. स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली. ओट्यावर सगळं तसंच होतं. परातीत पुऱ्यांची चळत, डब्यात गुलगुले, पातेल्यात डाळ, दहीभातावर पालथी ताटली. अष्टमी उजाडली होती आणि सगळं खायला तयार होतं.

आत्याचे डोळे भरून आले, पण ती म्हणाली, "हे ठेवता येणार नाही गं. घरात माणूस गेलं की शिजलेलं अन्न घरात ठेवत नाहीत."

एवढ्यात बाबा अंघोळ करून ओल्या पंच्यानेच वर आले. त्यांनी ऐकलं होतं.

"ताई, थांब जरा," ते म्हणाले.

"अरे, तुला का मी सांगायचं? तूच दुसऱ्यांना सांगतोस."

"मला माहीत आहे. मी अडवत नाही. नुसतं बघू दे."

ते आत आले. त्या स्वयंपाकघरात ते पाणी घ्यायलासुद्धा क्वचितच आले असतील. त्यांनी एकेक झाकण उचललं, बघितलं, पुन्हा ठेवलं. शेवटी फ्रिजवर एक छोटी वाटी होती, तिच्यावर बशी. त्यांनी बशी उचलली. आत आदल्या सकाळची बटाट्याची भाजी, जेमतेम दोन घास, आणि आदल्या दिवशीच्या दोन पोळ्या घडी करून खोचलेल्या.

"हे काय आहे? हेही नैवेद्याचं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही बाबा. ते आईचं रात्रीचं जेवण होतं."

"एवढं? आणि कालच्या पोळ्या?"

"ती तेच जेवायची."

"काल?"

"रोजच, बाबा. आपलं झाल्यावर."

त्यांनी वाटी हातात धरून ठेवली. मग आत्याकडे दिली आणि बाहेर गेले.

आत्याने सगळं परातीत एकत्र केलं. मी परात घेऊन खाली गेले. गाय दारात उभीच होती. पुऱ्या, गुलगुले, डाळ सगळं तिने थोड्या वेळात संपवलं, परात चाटली. बाबा जिन्याच्या मधल्या वळणावर येऊन उभे राहिले होते. गाय गेली तरी ते तिथेच होते.

सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण आणून द्यायचं, ही रीत इथेही आहे. पण त्या दिवशी सगळ्या गल्लीत चूल पेटलेली नव्हती. दुपारी समोरच्या चाची पदराखाली ताट झाकून आल्या आणि दारातच घुटमळल्या.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "आज तो किसी के घर आग नहीं जली. जो है सो बासी है। आपको कैसे दें?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. आत्या म्हणाली, "मी खाली दुकानातून दूध मागवते, तो दूध घेईल."

बाबा म्हणाले, "दीजिए, भाभी।" आणि त्यांनी ताट पुढे ओढलं. गार पुरी मोडली, डाळीत बुडवली आणि खाल्ली. त्यांनी जाणूनबुजून घेतलेला शिळ्याचा पहिला घास मी बघितला तो असा. चावताना त्यांचे डोळे मिटलेले होते. भाऊ उठून गच्चीवर गेला, मी भिंतीकडे तोंड केलं. चाची ताट रिकामं होईपर्यंत उभ्या राहिल्या, मग पदराने तोंड झाकून गेल्या.

दिवस झाले, तेराव्याचं झालं, भाऊ परत गेला. जाताना म्हणाला, "बाबांना घेऊन तिकडे ये, निदान उन्हाळाभर." बाबा नको म्हणाले. त्यांच्याकडे शिकायला येणारी मुलं होती, घाटावरची सकाळची अंघोळ होती. आम्ही दोघं राहिलो.

मी स्वयंपाक करायला लागले. करता येत होता, पण माप आईचंच हातात बसलेलं. कणीक भिजवली की तिघांची व्हायची. वरणाला डाळ घेतली की तिघांची. रोज काही ना काही उरायचं. उरलेलं मी आईसारखं सकाळी फोडणीला टाकावं म्हणायचे, पण शाळेची घाई, आणि खरं सांगायचं तर फोडणी देताना मला रडू यायचं. मग मी ते गायीसाठी वेगळं काढायचे.

एका सकाळी बघते तर गायीसाठी काढलेला डबा रिकामा. बाबा पाटावर बसून कालची कोरडी पोळी आणि गार भेंडीची भाजी खात होते.

"बाबा, मी ताजं करतेय की. पोहे भिजवलेत."

"पोहे तू खा. मला हे चालतं."

"तुम्हाला नाही चालत. कधीच चाललेलं नाही."

"आता चालतं," ते म्हणाले.

आधी मला वाटलं, दुःखाने होतं असं, जाईल. पण ते वाढत गेलं. बाबा ताज्या पोळीला हात लावीनासे झाले. मी गरम वाढली की ती बाजूला ठेवायचे, "ही उद्या." आणि आदल्या दिवशीची मागायचे. भाजीही तशीच. मी उरूच नये म्हणून कमी केलं, तर ते आपल्या पानातलं अर्धं काढून झाकून ठेवायचे. मी गरम करून देते म्हटलं तर नको. फोडणी घालते म्हटलं तर नको. गारच, आणि माझं जेवण झाल्यावरच. मी ताट घेऊन बसले की ते खिडकीशी जाऊन उभे राहायचे. शिकायला येणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, "दीदी, गुरुजी व्रत कर रहे हैं क्या?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

रोज समोर बसलेला माणूस असा वाळत जाताना बघणं फार कठीण असतं. त्यांच्या मनगटावर जानव्याच्या गाठीसारखी शीर दिसायला लागली. मी भावाला फोन केला. तो बाबांशी बोलला, रागावला, समजावून झालं. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि फोन मला परत द्यायचे.

मग ज्येष्ठ आला. बनारसमधला ज्येष्ठ म्हणजे दगडी भिंतीसुद्धा तापतात, आणि तेव्हा वीज जाणं-येणं चालूच होतं. फ्रिजमध्येसुद्धा अन्न धड राहत नव्हतं. मी शाळेच्या सुट्टीतल्या कामासाठी बाहेर गेले होते. आले तर बाबा मोरीपाशी बसलेले, ओकून ओकून थकलेले. वरणाचं पातेलं जवळच होतं. त्याला आंबूस वास येत होता, वर फेस दिसत होता. तेही त्यांनी खाल्लं होतं.

त्यांना खुर्चीवर बसवून गल्लीतून बाहेर काढलं. पुन्हा तीच मुलं, तोच रस्ता. ते गल्लीतून जाताना माझं काय झालं ते मी लिहू शकत नाही. या वेळी डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, सलाईन लावू, दोन-तीन दिवस ठेवू.

आत्या दवाखान्यात आली. मी तिला सगळं सांगितलं. आधी मी लपवलं नव्हतं, पण तिला वाटलं होतं की बाबा खंतावलेत, खात नाहीत, एवढंच. शिळ्याचं ऐकल्यावर ती सरळ आत गेली. बाबांच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसली. बाबांचे डोळे उघडे होते.

"हे काय मांडलंयस?" तिने विचारलं.

"काही नाही, ताई."

"माझ्याशी काही नाही म्हणू नकोस. तुला मी कडेवर वागवलंय."

बाबा छताकडे बघत म्हणाले, "ती इतकी वर्षं काय खात होती ते मला माहीत नव्हतं. माझ्याच घरात. मी रोज विचारायचो, आत्ताचं ना? ती म्हणायची, आत्ताचंच. ती काय जेवते, हे मी एकदाही विचारलं नाही. आता निदान ते कसं लागतं ते तरी कळू दे."

माझ्या हातात औषधाच्या गोळ्या होत्या. त्या मी खाटेजवळच्या टेबलावर ठेवल्या.

आत्याने पदराने त्यांचं कपाळ पुसलं. "ऐक," ती म्हणाली. "ती लग्न होऊन आली ना, तेव्हा मी माहेरपणाला आले होते. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. नवी नवरी माजघरात बसून रडत होती. मला वाटलं आई आठवली असेल. विचारलं तर म्हणते, वन्सं, तुमच्याकडे शिळी भाकरी कधीच नसते का हो? मला सकाळी तीच लागते. मी किती हसले! आपल्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, असलं काही या घरात चालायचं नाही. मग ती पोळ्या लपवून ठेवायला लागली. मला दाखवायची, आणि आम्ही दोघी गच्चीत जाऊन दह्याशी खायचो."

"तू?" बाबांनी मान वळवली. "तू शिळं खाल्लंस?"

"खाल्लं. चांगलं लागतं," आत्या म्हणाली. सुतकातलं अन्न एका शब्दात बाहेर काढणारी आत्या. मीसुद्धा बघत राहिले.

बाबांच्या ओठांवर काहीतरी हललं. "म्हणजे तिला आवडायचं."

आत्या लगेच हो म्हणाली नाही. खोटं बोलून त्यांना सोडवणं तिला सोपं होतं, पण ती तशी नाही. म्हणाली, "सकाळचं आवडायचं. ती कुस्करा करायची, थालिपीठ लावायची, ते हौसेनं. रात्री मात्र सगळ्यांचं झाल्यावर गार भाजी पुसून खायची, ते हौसेनं नव्हतं. ते आम्ही सगळ्या बायका करायचो, रे. मीही केलं. त्याला काही नावच नव्हतं. त्याचं तुला वाईट वाटतंय तर वाटू दे. पण नासलेलं वरण तिने जन्मात कुणाला खाऊ दिलं नसतं. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून ती मरमर मरायची, आणि तू तिच्या नावानं विष खातोस."

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचे खांदे हलायला लागले. आई गेल्यापासून ते रडले नव्हते, दवाखान्यात नाही, घाटावरून आल्यावर नाही. आत्या त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाने आमच्याकडे पाठ केली, तेवढी आडोशाची सोय.

घरी आल्यावर बाबा कितीतरी दिवस मऊ भातावर होते. मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. मी रात्रीच्या पोळ्या कुस्करत होते.

"मी करू?" त्यांनी विचारलं.

"करा."

त्यांनी हात धुतले आणि पोळी मोडायला घेतली. पोथीचं पान धरावं तशी दोन्ही हातांनी धरायचे. तुकडे फार मोठे झाले. मी म्हटलं, बारीक करा. मग फार बारीक झाले. फोडणीत मोहरी जळली. मिठाचा अंदाज चुकला. दोन ताटं घेऊन आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी एक घास घेतला.

"असंच लागायचं?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. आईचं खूप चांगलं लागायचं."

"हं," ते म्हणाले आणि जेवायला लागले. ते माझ्याबरोबर जेवले, एका वेळी, एकसारखं. आई गेल्यानंतर असं पहिल्यांदाच झालं. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

तेव्हापासून सकाळची फोडणी बाबांची. हात हळूहळू बसत गेला. कूट घालायचं त्यांना आठवू लागलं, साखर मात्र ते विसरतातच. चाचीकडे एकदा वाटीभर फोडणीची पोळी पाठवली, तर त्या म्हणाल्या, "भाभी वाली बात तो नहीं, पर अच्छी है।" बाबांनी ते ऐकून मान हलवली, जणू निकाल बरोबरच लागला. संध्याकाळी ते ताजंच जेवतात, गरम पोळी नाकारत नाहीत. पण पहिली पोळी आता माझ्या ताटात टाकायला लावतात. मी तव्यापाशी उभी असले की म्हणतात, "गॅस बंद कर. ये, बस. मग पुढच्या." त्यात माझ्या पोळ्या गार होतात, त्यांच्याही.

त्यांचं वय झालंय. खाणंही कमी झालंय. गेल्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की माझा हात बदललाय. मी ठरवून काही केलं नव्हतं. कणीक भिजवली ती दोघांचीच झाली. डाळ घेतली ती दोघांचीच शिजली. रात्री जेवण झालं आणि आम्ही दोघांनी आवरलं.

सकाळी बाबा अंघोळ करून आले, कढई गॅसवर ठेवली आणि पोळ्यांचा डबा उघडला. डबा स्वच्छ होता. ते थोडा वेळ त्यात बघत राहिले.

"काल काही उरलं नाही का?"

"नाही बाबा. बरोबर झालं सगळं."

"बरोबर झालं," ते म्हणाले. त्यांनी झाकण लावलं, दाबून नीट बसवलं. कढई पुन्हा खिळ्याला अडकवली. मी उपमा करते म्हटलं, तर म्हणाले, कर. बाहेर शिकायला आलेली मुलं जिना चढत होती. बाबा डोळे पुसून, पंचा खांद्यावर टाकून त्यांना दार उघडायला गेले. मी रवा भाजायला घेतला. मुलांनी पाठ म्हणायला सुरुवात केली आणि बाहेरच्या खोलीत बाबा त्यांचे उच्चार सुधारत होते, नेहमीच्याच आवाजात, फक्त मधे मधे थांबत.